बारा संघ कोणत्या कसोटीवर निवडावेत? अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफचा पेच

७ डिसेंबर २०२५ रोजी, रविवारी, अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीने अजिंक्यपदाच्या प्लेऑफसाठी बारा संघ जाहीर केले आणि त्यांत नोटर डेम विद्यापीठाचा संघ नव्हता. या संघाने मोसमातील पहिले दोन सामने गमावले होते, पण त्यानंतरचे दहाच्या दहा जिंकले होते. त्याच्याऐवजी मायामी विद्यापीठाला जागा मिळाली. मायामीचीही कामगिरी दहा विजय आणि दोन पराभव अशीच होती. शिवाय ३१ ऑगस्टला हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा मायामीने २७-२४ असा विजय मिळवला होता. एवढे ऐकल्यावर निर्णय सरळ वाटतो. तक्रार अशी होती की नोव्हेंबरपासून समिती दर आठवड्याला जी क्रमवारी जाहीर करत होती, तिच्यात नोटर डेम सातत्याने मायामीच्या वर होते आणि शेवटच्या शनिवारी या दोघांपैकी कोणीही मैदानात उतरलेच नव्हते. न खेळता एक संघ वर गेला आणि दुसरा बाहेर पडला. समितीचे स्पष्टीकरण असे होते की, या दोघांच्या मध्ये असलेले ब्रिगम यंग विद्यापीठ टेक्सास टेककडून ३४-७ असे हरून खाली घसरले, त्यामुळे नोटर डेम आणि मायामी क्रमवारीत शेजारी-शेजारी आले, आणि तेव्हा कुठे परस्परांतील सामन्याच्या निकालाला वजन आले. म्हणजे ऑगस्टमधील एका सामन्याचा निकाल मोजायचा की नाही, हे डिसेंबरमध्ये तिसऱ्याच संघाच्या पराभवाने ठरवले.

हा पेच कसा निर्माण होतो हे समजण्यासाठी स्पर्धेची रचना पाहावी लागते. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळला जाणारा अमेरिकी खेळ; शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मुलामुलींकडून त्याच्या शनिवारच्या सामन्यांची वर्णने आपल्याकडच्या बऱ्याच घरांनी ऐकलेली असतील. २०२५ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात १३६ विद्यापीठांचे संघ होते आणि प्रत्येकाला ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत बारा सामने खेळायचे होते. १३६ संघांच्या शक्य असलेल्या जोड्या होतात ९,१८०. प्रत्येकी बारा सामने धरले तर जास्तीत जास्त ८१६ सामने होऊ शकतात, आणि त्यांतील काही सामने खालच्या विभागातील संघांशी असतात. थोडक्यात, ज्या संघांची आपसांत तुलना करायची आहे त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक जोड्या एकमेकींसमोर येतच नाहीत. आयपीएलमध्ये दहा संघ प्रत्येकी चौदा साखळी सामने खेळतात, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, त्यामुळे गुणतक्ता आणि गुण समान झाल्यास निव्वळ धावगती एवढ्यावर काम भागते. येथे गुणतक्ता मांडला तर तो दिशाभूलच करील, कारण एकाचे बारा सामने आणि दुसऱ्याचे बारा सामने यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

हा फरक मुख्यतः कॉन्फरन्समुळे पडतो. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी मिळून केलेला संघटित गट; त्यातील संघ बहुतेक सामने आपसांत खेळतात आणि गटाचा एक विजेता ठरतो. एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी हे चार गट श्रीमंत आणि बलाढ्य मानले जातात. उरलेले लहान गट आहेत आणि नोटर डेमसारखे एखादे विद्यापीठ स्वतंत्रच राहते. पूर्वी हे गट दहा-बारा संघांचे आणि बहुतांशी एकाच प्रदेशातील होते, त्यामुळे निदान गटाच्या आत तरी तुलना करणे सोपे होते. दूरचित्रवाणीच्या पैशामागे धावताना ते इतके फुगले की आता बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत, गटातील सामने मात्र नऊच, त्यामुळे प्रत्येक संघाची गटातील आठ संघांशी गाठच पडत नाही. याचा परिणाम २०२५ मध्ये एसीसीत दिसला. तेथे पाच संघ गटातील सहा विजय आणि दोन पराभवांसह बरोबरीत होते. प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीवरून ही बरोबरी सोडवली गेली आणि गटाच्या अंतिम सामन्यात मायामीऐवजी ड्यूक पोहोचले, ज्याने एकूण बारापैकी पाच सामने गमावले होते. ड्यूकने तो सामना व्हर्जिनियाविरुद्ध जादा वेळेत जिंकलाही. गटविजेता कोण, हा प्रश्नसुद्धा आता वाटतो तितका निर्विवाद राहिलेला नाही.

या खेळाला विजेता ठरवण्याचा नियम कधी नव्हताच. १८६९ पासून कॉलेजे फुटबॉल खेळत आली, पण सर्वोच्च विभागाची अजिंक्यपद स्पर्धा एनसीएए या विद्यापीठीय क्रीडा संस्थेने कधीच भरवली नाही. आजचा प्लेऑफही कॉन्फरन्सेस स्वतःच चालवतात. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ मध्ये पत्रकारांचा मतकौल नियमित सुरू केला, १९५० मध्ये प्रशिक्षकांचा कौल सुरू झाला, आणि मोसमाच्या शेवटी या कौलांत पहिला येणारा संघ ‘राष्ट्रीय विजेता’ म्हणवू लागला. नववर्षाच्या सुमारास होणारे रोझ बाउल, शुगर बाउल वगैरे प्रतिष्ठेचे सामने ठरावीक गटांशी करारांनी बांधलेले होते, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ पुष्कळदा एकमेकांशी खेळतच नसत. १९९०, १९९१ आणि १९९७ मध्ये दोन कौलांनी दोन वेगवेगळे विजेते दिले. १९९४ मध्ये नेब्रास्का आणि पेन स्टेट दोघेही अपराजित राहिले. दोन्ही कौल नेब्रास्काच्या बाजूने गेले आणि पेन स्टेटला खेळून दाखवण्याची संधीच मिळाली नाही.

१९९८ पासून बीसीएस नावाची पद्धत आली. मतकौल आणि संगणकीय क्रमवाऱ्या यांचे मिश्रण करून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांचा एकच अंतिम सामना लावायचा, अशी ती कल्पना होती. दोन जागांसाठी तीन लायक दावेदार आले की ती कोलमडत असे. २००१ मध्ये नेब्रास्काने शेवटचा सामना कोलोरॅडोविरुद्ध ६२-३६ असा गमावला, गटाचा अंतिम सामनाही खेळला नाही, तरी तो राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला आणि मायामीकडून सपशेल हरला. २००४ मध्ये ऑबर्न अपराजित असूनही बाहेर राहिले. २०११ मध्ये एलएसयू आणि अलाबामा या एकाच गटातील दोन संघांची अंतिम सामन्यात पुन्हा गाठ पडली. आधी एलएसयू ९-६ असे जिंकले होते, या वेळी अलाबामा २१-० असे जिंकले, आणि पहिल्या निकालाचे मग काय करायचे याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. त्यानंतर २०१४ पासून चार संघांचा प्लेऑफ आणि तेरा सदस्यांची निवड समिती आली. २०२४ पासून चाराचे बारा झाले.

समितीत विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू असे लोक असतात. ते टेक्सासमधील ग्रेपव्हाइन येथील हॉटेलात जमतात, आपल्या विद्यापीठाची चर्चा निघाली की संबंधित सदस्य बाहेर जातो, आणि मग एका वेळी थोड्याथोड्या संघांची तुलना करत, पुन्हापुन्हा मतदान करून पंचवीस संघांची क्रमवारी तयार होते. ही माणसे अप्रामाणिक आहेत असे मानण्याचे कारण नाही. दोष आहे तो त्यांच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नात. त्यांना ‘सर्वोत्तम’ संघ निवडण्यास सांगितले आहे, आणि त्यासाठी गटविजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, परस्परांतील निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि महत्त्वाच्या खेळाडूंची अनुपलब्धता असे निकष दिले आहेत. मात्र कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे हे कोठेही लिहिलेले नाही.

‘सर्वोत्तम’ या शब्दात दोन निराळे प्रश्न दडलेले आहेत. उद्या सामना झाला तर कोण जिंकेल, हा पहिला प्रश्न. आतापर्यंतच्या निकालांनी जागा कोणी कमावली आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न भाकिताचा आहे. सट्टेबाजीच्या कंपन्या तो चांगला सोडवतात आणि त्यासाठी त्यांना दुखापती, विजयातील फरक, खेळाडूंची गुणवत्ता अशी सर्व माहिती लागते. दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. बहुतेक खेळांत प्लेऑफची जागा या दुसऱ्या प्रश्नावर मिळते आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्लेऑफनेच द्यायचे असते. कॉलेज फुटबॉलची समिती मात्र सोयीनुसार दोन्ही प्रश्नांमध्ये ये-जा करते. माझ्या मते बहुतेक वादांचे मूळ यातच आहे.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण २०२३ चे आहे. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, एसीसीचे विजेतेपद मिळवले, आणि तरीही चार संघांत त्यांना जागा मिळाली नाही. कारण नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस पायाच्या दुखापतीने मोसमातून बाद झाला होता. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू. तो नसताना हा संघ आधीसारखा उरला नाही, असे समितीचे मत पडले. चौथी जागा अलाबामाला मिळाली. अलाबामाने गटाच्या अंतिम सामन्यात बलाढ्य जॉर्जियाला २७-२४ असे हरवले होते हे खरे. पण सप्टेंबरमध्ये टेक्सासने त्यांना त्यांच्याच मैदानावर ३४-२४ असे हरवले होते हेही खरे. दुखापतीनंतर फ्लोरिडा स्टेटने पुढचे दोन्ही सामने, फ्लोरिडा आणि लुईव्हिल यांच्याविरुद्धचे, जिंकून दाखवले होते. तरीही न झालेल्या सामन्याचा अंदाज झालेल्या तेरा सामन्यांवर भारी पडला. पुढे ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला, आणि तो आकडा अजूनही समितीच्या बचावासाठी पुढे केला जातो. परंतु त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू खेळलेच नव्हते. जागा मिळाली असती तर ते खेळले असते.

दुखापतीवरून भाकीत करणे किती निसरडे असते हे समितीला पहिल्याच वर्षी कळायला हवे होते. २०१४ मध्ये ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक एकामागून एक जायबंदी झाले आणि तिसऱ्या पसंतीचा कार्डेल जोन्स गटाच्या अंतिम सामन्यात प्रथमच सुरुवातीपासून खेळला. त्याच्या संघाने तो सामना ५९-० असा जिंकला, समितीने त्यांना चौथी जागा दिली, आणि जानेवारीत त्यांनीच ओरेगॉनला ४२-२० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. (त्याच वर्षी टेक्सास क्रिश्चनने शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि ते तिसऱ्यावरून सहाव्या क्रमांकावर घसरले. बावन्न गुणांनी जिंकून तीन पायऱ्या खाली जाण्याचा मान अन्य कोणत्या खेळात मिळत असेल असे वाटत नाही.)

जागा कमावण्याचा हिशेब मांडायचा म्हटले तर तो कसा मांडता येईल? केवळ विजय-पराभव मोजणे अन्यायाचे आहे, हे वर पाहिलेच. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक संघाच्या वेळापत्रकावर एक काल्पनिक प्रमाण संघ बसवून पाहणे. हा प्रमाण संघ पहिल्या पंचवीसांतील साधारण संघाइतका ताकदवान आहे असे धरायचे, आणि अमुक संघाचे बारा सामने या प्रमाण संघाने खेळले असते तर त्याला इतके विजय मिळण्याची शक्यता किती होती, हे काढायचे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘अ’ संघाचे बाराही प्रतिस्पर्धी असे आहेत की त्यांच्याविरुद्ध प्रमाण संघाला विजयाची शक्यता प्रत्येकी ९० टक्के आहे. ‘ब’ संघाचे सहा प्रतिस्पर्धी तसेच सोपे आहेत, पण उरलेल्या सहांविरुद्ध प्रमाण संघाला ६० टक्केच शक्यता आहे. मोसमाअखेर ‘अ’चे अकरा विजय आणि एक पराभव आहे, तर ‘ब’चे दहा विजय आणि दोन पराभव. गुणतक्त्यात ‘अ’ वर दिसेल. आता हिशेब पाहा. ‘अ’च्या वेळापत्रकावर प्रमाण संघाला सरासरी १०.८ विजय मिळतील, आणि अकरा किंवा अधिक विजय तो शंभरपैकी सुमारे ६६ वेळा मिळवील. ‘ब’च्या वेळापत्रकावर त्याला सरासरी ९ विजय मिळतील, आणि दहा किंवा अधिक विजय शंभरपैकी सुमारे ३८ वेळाच मिळतील. ‘ब’ने केलेली कामगिरी अधिक दुर्मीळ, म्हणून तिचे वजन अधिक. दोन पराभवांचा संघ एका पराभवाच्या संघाच्या वर का जावा, याचे कारण येथे कोणालाही कागदावर पडताळून पाहता येते. ‘आम्ही सामने पाहिले आणि आम्हाला तसे वाटले’ यापेक्षा हे उत्तर निश्चितच बरे.

प्रतिस्पर्ध्यांची ताकद ठरवताना सर्व संघांच्या सर्व निकालांचे जाळे एकदम सोडवावे लागते, आणि हे काम संगणक सहज करतो. आकडेमोडीच्या अशा पद्धतीविरुद्ध जुना आक्षेप आहे की ती संघांना मोठ्या फरकाने जिंकण्यास उद्युक्त करते आणि दुबळ्या संघावर शेवटच्या मिनिटापर्यंत गुणांचा मारा होतो. याच कारणाने बीसीएसने २००१ नंतर आपल्या संगणकीय क्रमवाऱ्यांतून विजयातील फरक वगळायला लावला होता. पण फरक लागतो तो भाकिताला. येथे मुख्य मोजणी विजयाचीच असल्याने ‘अ’ किंवा ‘ब’ने सामना तीन गुणांनी जिंकला की तीसने, याने त्यांच्या खात्यात काहीही बदलत नाही. दुसरा लाभ वेळापत्रकांचा आहे. आज बलाढ्य विद्यापीठे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळायला कचरतात, कारण एक पराभव नोव्हेंबरपर्यंत पाठ सोडत नाही. प्रमाण संघाच्या हिशेबात अवघड सामना हरल्याने फारसे नुकसान होत नाही आणि जिंकल्यास भरघोस लाभ होतो; उलट सोपे सामने कितीही जिंकले तरी खाते फारसे फुगत नाही.

समितीनेही २०२५ पासून या जातीचे एक परिमाण आपल्या माहितीसंचात समाविष्ट केले आहे. पण ते अनेक आकड्यांपैकी एक आहे आणि ते मानायचे की नाही हे सदस्यांच्या मर्जीवर आहे. माझा आग्रह असा की ते मुख्य मोजमाप असावे, त्याचे सूत्र ऑगस्टमध्ये, पहिला चेंडू पडण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावे, आणि मोसम सुरू झाल्यावर त्याला कोणी हात लावू नये. समिती तरीही लागेल, पण मर्यादित कामासाठी. शेवटच्या जागेसाठी दोन संघांचे आकडे इतके जवळ आले की त्यांतील फरकाला अर्थ उरत नाही, तर परस्परांतील सामना झाला असल्यास त्याचा निकाल निर्णायक मानावा. ‘जवळ’ म्हणजे किती, हेही आधीच ठरवून द्यावे. असा नियम असता तर नोटर डेमला मायामीविरुद्धच्या पराभवाची किंमत सप्टेंबरपासूनच ठाऊक झाली असती आणि ब्रिगम यंगच्या पराभवाकडे डोळे लावून बसण्याची वेळ कोणावर आली नसती. दुखापतींचा विचार पूर्णपणे वगळावा.

नोव्हेंबरमधील साप्ताहिक क्रमवारीही बंद करावी. ती दर मंगळवारी दूरचित्रवाणीवर दाखवली जाते, प्रेक्षक मिळतात, वाद रंगतात. पण त्यापलीकडे तिचा उपयोग नाही आणि अपाय मात्र आहे. एकदा सहावा क्रमांक जाहीर केला की जिंकत राहणाऱ्या संघाला खाली ढकलायला कारण द्यावे लागते, त्यामुळे समिती प्रत्येक आठवड्याला नव्याने विचार करण्याऐवजी आपल्याच मागच्या उत्तराला चिकटून राहते. प्रकाशित सूत्र असल्यावर ज्याला आकडे हवेत तो ते रोज पाहू शकेल आणि ते बदलले तर का बदलले हेही त्याला समजेल.

गटविजेत्यांचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटणारा नाही. तो स्पर्धा कोणाची आहे याचा प्रश्न आहे. २०२४ आणि २०२५ च्या नियमांनुसार बारापैकी पाच जागा क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच गटविजेत्यांना आणि उरलेल्या सात जागा अन्य संघांना मिळत होत्या. या नियमात एक शहाणपण दडलेले होते. जागा कोणत्याही गटाच्या नावाने राखून ठेवलेली नव्हती. म्हणूनच २०२५ मध्ये पाच पराभव सोसलेले ड्यूक एसीसीचे विजेते होऊनही बाहेर राहिले आणि ट्यूलेन व जेम्स मॅडिसन हे लहान गटांचे दोन विजेते आत आले. ते दोघेही पहिल्याच फेरीत हरले, ट्यूलेन ४१-१० आणि जेम्स मॅडिसन ५१-३४ असे, आणि लगेच ‘या जागा वाया गेल्या’ अशी ओरड झाली. पण २०२४ मध्ये एसईसीचे टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२-१७ असे आणि एसीसीचे एसएमयू पेन स्टेटकडून ३८-१० असे हरले, तेव्हा बड्या गटांच्या जागा काढून घ्याव्यात असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही. लहान विद्यापीठाला अपराजित राहूनही दार बंद असेल, तर ते एकाच विभागात खेळते असे म्हणण्यालाच अर्थ राहत नाही. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाने नियमित मोसमात एकही सामना गमावला नाही, समितीने त्यांना बाराव्या क्रमांकावर ठेवले, आणि पुढे पीच बाउलमध्ये त्यांनी ऑबर्नला ३४-२७ असे हरवले. त्याच ऑबर्नने त्या मोसमात अंतिम सामना खेळणाऱ्या अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही एकेकदा हरवले होते. विद्यापीठाने मग स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेते घोषित केले. लोक हसले, पण त्यांचा दावा खोडून काढणारा एकही सामना कोणाला दाखवता येत नव्हता.

म्हणून पाच गटविजेत्यांची तरतूद राहावी, आणि ती त्यांच्या निकालांच्या वजनावर राहावी. याच्या अगदी उलट दिशेचा एक प्रस्ताव बिग टेनने पुढे रेटला होता: सोळा संघांच्या प्लेऑफमध्ये बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी चार, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसीला प्रत्येकी दोन जागा आधीपासूनच राखीव असाव्यात. ज्या गटाचे चार संघ खरोखर लायक असतील, त्याला निकालांच्या हिशेबातूनही चार जागा मिळतील. ज्याचे नसतील, त्याला त्या राखीव का असाव्यात, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही. अशा आरक्षणामुळे गटांतर्गत सामन्यांची रंगत वाढेल हे खरे, परंतु वेगवेगळ्या गटांतील संघांमधल्या सामन्यांचे महत्त्व त्याच वेळी संपेल, आणि संपूर्ण विभागाची तुलना शक्य करणारा धागा नेमका त्याच सामन्यांचा असतो.

मानांकनाविषयी थोडे. २०२४ मध्ये पहिली चार मानांकने आणि पहिल्या फेरीत बाय (म्हणजे ती फेरी न खेळता थेट पुढच्या फेरीत प्रवेश) हा मान सर्वोच्च चार गटविजेत्यांना दिला गेला, त्यामुळे समितीच्या क्रमवारीत नवव्या असलेल्या बॉइझी स्टेटला तिसरे आणि बाराव्या असलेल्या ॲरिझोना स्टेटला चौथे मानांकन मिळाले. २०२५ पासून मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे दिले जाऊ लागले आणि ते योग्यच झाले; गटविजेतेपदाने प्रवेश मिळावा, पण ड्रॉ वाकवला जाऊ नये. मात्र बाय हा खरोखर लाभ आहे का, याची शंका येऊ लागली आहे. दोन मोसमांत बाय मिळालेल्या आठ संघांपैकी उपांत्यपूर्व फेरी एकट्या इंडियानाने ओलांडली. आठ सामन्यांवरून नियम काढणे घाईचे ठरेल, पण जवळजवळ चार आठवडे न खेळता बसलेला संघ आणि घरच्या मैदानावर नुकताच जिंकून आलेला संघ यांची गाठ तटस्थ मैदानावर घालण्यापेक्षा, उपांत्यपूर्व सामनेही वरच्या मानांकनाच्या विद्यापीठाच्या मैदानावर खेळवावेत, हे उघडच दिसते. ते होत नाही, कारण हे सामने रोझ, शुगर, ऑरेंज अशा जुन्या बाउलना बांधलेले आहेत.

आणि मायामीचे काय झाले? दहाव्या क्रमांकाने, शेवटच्या क्षणी आत आलेल्या या संघाने टेक्सास ए अँड एम, गतविजेते ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना ओळीने हरवून अंतिम सामना गाठला आणि तेथे अपराजित इंडियानाशी ते २७-२१ असे हरले. नोटर डेमही तेथवर पोहोचले नसते असे कोणालाही म्हणता येणार नाही. मायामीची निवड योग्य ठरते ती त्यांच्या या घोडदौडीमुळे नव्हे, तर ऑगस्टमधील त्या तीन गुणांमुळे.

संघांची संख्या किती असावी यावर सध्या सर्वांत अधिक शाई खर्च होत आहे, जरी निवडीच्या कसोटीपेक्षा तो दुय्यम प्रश्न आहे. सोळा केले तर बाय संपतात आणि सतराव्या क्रमांकाचा वाद सुरू होतो; चोवीस केले तर तीन-चार सामने हरलेले संघही आत येतात आणि शनिवारच्या सामन्यांची धार जाते. बारा पुरेसे आहेत. पण हा निर्णय गुणावगुणांवर होणार नाही. ईएसपीएन वाहिनीशी सहा वर्षांसाठी झालेला करार ७८० कोटी डॉलरचा आहे, त्या उत्पन्नातील सुमारे २९ टक्के वाटा बिग टेनला आणि तेवढाच एसईसीला मिळणार आहे, आणि २०२६ पासून प्लेऑफचे स्वरूप बदलण्याचा अधिकारही प्रत्यक्षात याच दोन गटांच्या हाती गेला आहे. बिग टेनला राखीव जागा किंवा चोवीस संघ हवे आहेत, एसईसीचा कल पाच गटविजेते आणि अकरा मुक्त जागा अशा सोळा संघांकडे आहे. जानेवारी २०२६ ची मुदत उलटली तरी त्यांचे एकमत झाले नाही, त्यामुळे २०२६ च्या मोसमातही संघ बाराच ठरले.